एक बिल्ला, दोन म्हशी

आमच्या सरांनी चार वर्षांत मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्यासाठी एक्केचाळीस होते. तो माझा हजेरीचा नंबर. यात तुसडेपणा काही नव्हता. "नाव काय, कुणीही कुणाचंही सांगतं," असं त्यांचं म्हणणं. "नंबरही कुणीही सांगतं म्हणा. पण खोटा निघाला तर वाईट तरी वाटत नाही."

जळगावच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकले, तिथे ते बिनतारी नेटवर्क शिकवायचे. मूळचे धुळ्याकडचे. उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात एक छोटी डायरी आणि तिच्या कडीत अडकवलेली पेन्सिल. पहिल्या दिवशी वर्गात प्रत्येकाने उठून नाव-गाव सांगायचं होतं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं, त्यामुळे मी सगळी तयारी करून आले होते. मी उभी राहिले, नाव सांगितलं, एरंडोलच्या पुढचं आमचं गाव सांगितलं.

"कशावरून?" सर म्हणाले.

मला वाटलं, कागद मागताहेत. मी पिशवीतून रहिवासी दाखला काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला.

"हा कागद आहे. तो कुणाच्याही पिशवीत राहू शकतो. त्या गावच्या माणसालाच ठाऊक असेल असं काहीतरी सांग."

मी दाखला पुन्हा पिशवीत घातला. मग एकदम माझ्या तोंडातून निघालं, "आमच्या विहिरीला सतरा पायऱ्या आहेत, सर."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी डायरी काढली, पेन्सिल सोडवली आणि लिहून घेतलं.

"मोजून बघावं लागेल. तोवर प्रलंबित. बस."

सरांच्या जगात दोनच शेरे होते. प्रलंबित आणि मान्य. बहुतेक सगळं प्रलंबित असायचं.

त्यांना सगळी मुलं पाठीमागे 'कशावरून सर' म्हणायची. कॉलेजने दारावर हजेरीचं यंत्र बसवलं तेव्हा पोरांना आनंद झाला. गळ्यातलं कार्ड यंत्राला दाखवायचं, 'टुक' वाजायचं, हजेरी लागायची. आठवड्याभरात एकच मुलगा नऊ जणांची कार्डं खिशात घालून येऊ लागला आणि दारात उभा राहून टुक टुक टुक करू लागला. प्राचार्य खूश होते, कारण हजेरी कधी नव्हे इतकी वाढली होती. वर्गात मात्र बाकं रिकामी.

सरांनी यंत्राला काही केलं नाही. ते शेजारी खुर्ची टाकून बसले. कार्ड वाजलं की एक प्रश्न. "काल मी खडू कोणत्या हातात धरला होता?" "काल फळ्याच्या कोपऱ्यात काय पुसायचं राहिलं?" काल जो आला होता त्यालाच उत्तर येणार. दुसऱ्या दिवशी पोरांनी कालची उत्तरं एका वहीत उतरवून आणली, तर सरांचे प्रश्न नवे. नऊ कार्डंवाला तिसऱ्या दिवशी सरांना म्हणाला, "सर, यापेक्षा वर्गात बसणं सोपं आहे."

"हेच," सर म्हणाले. "चोराला चोरी अवघड झाली पाहिजे. अशक्य नाही, अवघड."

मग फळ्यावर त्यांनी शिकवलं ते मला अजून तसंच्या तसं आठवतं. अशा कार्डात, म्हणजे बिल्ल्यात, बॅटरी नसते. वाचणारं यंत्र लहरी फेकतं, त्या लहरींनी बिल्ला जागा होतो आणि आपला नंबर सांगून टाकतो. कुणी विचारलं हे तो बघत नाही. तो नंबर ऐकून कुणीही दुसरा तसाच बिल्ला बनवतो. म्हणून बिल्ला आणि यंत्र यांच्यात एक गुपित हवं. यंत्राने दर वेळी नवा प्रश्न टाकायचा, बिल्ल्याने गुपित वापरून त्याचं उत्तर द्यायचं, पण गुपित तोंडाने कधी उच्चारायचं नाही. "आणि एक्केचाळीस, लक्षात ठेव," ते खडू माझ्याकडे रोखून म्हणाले, "बिल्ल्यानेही विचारलं पाहिजे, की बाबा, तू तरी खरं यंत्र कशावरून? तुम्ही सगळे मला निमूट उत्तरं देता. चार वर्षांत एकाने तरी मला उलट विचारलंय का, की तुम्ही सरच कशावरून?"

कोण विचारणार? आम्ही तेही वहीत उतरवून घेतलं.

कॉलेजच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. सर तिथेही सोडत नसत. पेला हातात आला की, "हा माझाच कशावरून?" टपरीवाला भाऊ वैतागून म्हणायचा, "सर, बिनसाखरेचा, बिनदुधाचा आणि आलं दुप्पट. तुमच्याशिवाय हा पिऊन जगेल कोण?"

"मान्य," म्हणून सर तो पिऊन टाकायचे.

एकदा त्यांना बँकेच्या नावाने एका भामट्याचा फोन आला. कार्ड बंद पडणार आहे, नंबर सांगा. सर म्हणाले, "जरूर. पण तुम्ही बँकेतलेच कशावरून?" पुढचा सगळा तास सरांनी वर्गापुढेच फोनवर त्याची परीक्षा घेतली. बँकेच्या दारातलं पायपुसणं कसलं, कॅशियरबाई कोणत्या हाताने शिक्का मारतात. शेवटी तो भामटा रडकुंडीला येऊन म्हणाला, "काका, मला माफ करा, मला जाऊ द्या." सर आम्हाला म्हणाले, "बिचाऱ्याची तयारी कमी पडली."

सरांच्या घरी तर पुढची गंमत. एका दुपारी मी पुस्तक परत द्यायला गेले, तर सर जिन्यात बसलेले आणि दार आतून बंद. दार उघडण्यापूर्वी काकूंनी आतून नवा प्रश्न विचारायचा, अशी शिस्त सरांनीच लावली होती. त्या दिवशी काकूंनी विचारलं होतं, "सकाळी जाताना मी काय आणायला सांगितलं होतं?" सर रिकाम्या हाताने आले होते.

काकू खिडकीतून मला म्हणाल्या, "अगं, सांग त्यांना, भरताची वांगी!"

सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. "सांगू नकोस! मधल्या माणसाने उत्तर पुरवलं तर तो हल्ला होतो!"

मग ते तरातरा बाजारात गेले आणि अर्ध्या तासाने मोठी पिशवी घेऊन आले. त्यांनी प्रत्येक भाजी एकेक नग आणली होती. जिन्यात उभं राहून ते एकेक वर धरायचे. गिलकं? नाही. दोडकं? नाही. कारलं? खिडकी बंद झाली. आतून काकूंचा आवाज आला, "तीन वेळा चुकलं की बंद, हे तुम्हीच शिकवलंय." वांगं पिशवीत तळाशी होतं. त्या दिवशी सरांनी जिन्यातच माझी प्रकल्पाची वही तपासली. मला वाटतं, माझं चौथं प्रकरण इतकं लक्ष देऊन त्यांनी पुन्हा कधी वाचलं नाही.

आता म्हशींचं सांगते, कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

शेवटच्या वर्षाला माझा प्रकल्प होता तो गावच्या म्हशींसाठी. कानात बिल्ला, वेशीवर यंत्र. संध्याकाळी गुराखीबाबा म्हशी घेऊन आले की यंत्र वाजणार आणि पडद्यावर मालकाचं नाव येणार. गावात अकरा म्हशी. मी पारावर उभं राहून भाषण केलं. शिकलेल्या पोरीचं भाषण म्हणून सगळं गाव आलं होतं. माय पुढे बसली होती. मी म्हणाले, "माणूस विसरेल, पण हा बिल्ला खोटं बोलूच शकत नाही." टाळ्या पडल्या. मायने डोळ्याला पदर लावला.

खरं तर त्या बिल्ल्यांत गुपित घातलेलंच नव्हतं. नुसते नंबर होते. सरांनी तीनदा विचारलं होतं, "सवाल-जवाब घातलास?" आणि मी तीनदा म्हणाले होते, "नंतर घालते, सर." सर एवढंच म्हणाले, "'नंतर' हा शब्द चोरांनी शोधलाय."

त्याच आठवड्यात आमच्या शेजारच्या नानांनी बाजारातून एक म्हैस आणली. बारावी म्हैस. माझ्याकडे कोरा बिल्ला नव्हता. चाचणीसाठी वापरलेला एक होता, त्यात आमच्याच म्हशीचा, मैनाचा, नंबर लिहिलेला. बदलायचा होता. नंतर. मी तो तसाच नानांच्या म्हशीच्या कानात ठोकला आणि संगणकात त्या नंबरापुढे नानांचं नाव घातलं. तिथलं मायचं नाव पुसलं गेलं, ते मला दिसलंच नाही.

माय तेव्हा धुळ्याला मामाकडच्या लग्नाला गेली होती. संध्याकाळी मी यंत्र घेऊन वेशीवर. पहिली म्हैस आली. 'टुक'. पडद्यावर नाना. ती म्हैस माझ्यासमोर थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पडद्याकडे बघत राहिले. "बाबा, ही नानांची," मी म्हणाले. गुराखीबाबा म्हणाले, "पोरी, हाई तर तुमनी मैना वाटस." मी हसून म्हणाले, "बाबा, वाटण्यावर नका जाऊ." मैना आमच्या घरी आली तेव्हा लहान वगार होती आणि मी त्याच वर्षी वसतिगृहात गेले होते. तिच्या दुधावर माझी खानावळ चालली होती, पण तिचं तोंड मी नीट पाहिलं नव्हतं. मैना जायला तयार नव्हती. दोघांनी ढकलत नेली. मागून दुसरी आली. 'टुक'. पुन्हा नाना. मला वाटलं, यंत्राने पहिलीच दोनदा वाचली, असं होतं कधी कधी. राहिलेल्या दहा म्हशी आपापल्या नावाने घरी गेल्या. उरली ती आमची, असं म्हणून मी तिला आमच्या गोठ्यात बांधलं.

दुसऱ्या दिवशी माय आली, बादली घेऊन बसली आणि बादलीसकट मागे पडली. उठून तिने म्हशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मैना कोठे शे?"

मी खुंट्याकडे बोट दाखवलं.

"हाई? हाई आपली म्हैस नही. मन्ही मैना आसी लाथ मारस का कधी?"

आम्ही नानांच्या दारात गेलो. नाना वाईट माणूस नव्हता. पण एकदा म्हणाला की म्हणाला. "तुन्हीच पोर बोलनी ना पारवर, बिल्ला खोटं बोलत नही म्हनीसन? बठ्ठा गावनी ऐकेल शे. मशीन सांगस, हाई मन्ही."

मी यंत्र लावलं. 'टुक'. नाना. आमच्या गोठ्यातल्या म्हशीला लावलं. 'टुक'. नाना. नाना म्हणाला, "दखा, मशीन तर म्हनस दोन्ही मन्ह्याच! मी एकच लई राह्यनू, तरी उपकार नही?"

दोन दिवस असे गेले. मैना नानाच्या खुंट्याला दूध देईना, त्यांची आमच्या खुंट्याला देईना. दोन्ही घरांत काळा चहा. माय माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. बोलली असती तर बरं वाटलं असतं. पारावर कुणीतरी म्हणालंच, "चार वरीस जळगावले राहीसन पोरनी मायनीच म्हैस दुसराले दिधी." तिसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला आणि सगळं कबूल केलं. सर म्हणाले, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे," आणि फोन ठेवला.

दुपारी ते आले. हेल्मेट काढलं, पाण्याचा तांब्या नाकारला आणि विचारलं, "विहीर कुठे आहे?"

"सर, म्हशी इकडे आहेत."

"आधी विहीर."

सगळं गाव मागे, पुढे सर. ते मोजत पाण्यापर्यंत उतरले आणि मोजत वर आले. "सोळा," ते म्हणाले.

माय म्हणाली, "सतरावी पानीमा शे, सर. उन्हायामा दिखस."

"पाण्यात आहे हे तुम्ही सांगताय," सर नम्रपणे म्हणाले. डायरीत काहीतरी लिहिलं. नाना खूश होऊन म्हणाला, "म्हनजे पोर तठे बी खोटीच बोलनी!" सर त्याच्याकडे वळले. "खोटी नाही. प्रलंबित."

मग दोन्ही म्हशी पटांगणात आणल्या. सरांनी दोघींच्या कानांचे बिल्ले वाचले, दोघींच्या मधोमध उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "दोघी एकच नाव सांगताहेत. तेव्हा नाव बाद." मग एकीच्या तोंडासमोर वाकून त्यांनी विचारलं, "कशावरून?"

म्हशीने रवंथ चालू ठेवलं. पोरं लोळून हसली. मायचा धीर सुटला. "सर, म्हैसले आसं इचारतस का कोनी? सरका तठे."

मायने लांब उभं राहून हाक घातली, "ये वं मैना, ये ये ये!" डावीकडच्या म्हशीने मान वर केली आणि दोन पावलं टाकली. गाव जिंकल्यासारखं ओरडलं, "जित्यात!"

"थांबा," सर म्हणाले. "ही रोजची हाक. शेजारी रोज ऐकतात." त्यांनी नानाच्या बायकोला तीच हाक घालायला सांगितलं. नानीने हुबेहूब मायच्या आवाजात घातली. म्हैस तिच्याकडेही दोन पावलं गेली. सर खूश झाले. "बघ एक्केचाळीस! ऐकलेलं उत्तर पुन्हा वाजवलं. पुस्तकात पान एकशे बारा!" आमची म्हैस हातची जायची वेळ आली होती आणि सर पान नंबर सांगत होते.

मग मायला काहीतरी सुचलं. ती बादली घेऊन डाव्या म्हशीच्या पोटाशी जाऊन बसली. मैनाचं पारडू जगलं नव्हतं. तेव्हापासून धार काढताना माय तिच्याशी बोलायची. त्या दिवसाचं सगळं. बोलणं थांबलं की दूध थांबायचं. हे मला ठाऊकच नव्हतं.

"मैना," माय तिच्या पोटाला कपाळ टेकवून सांगू लागली, "तुले काय सांगू वं, लगीनमा वरनबट्टी व्हती, वरनमा मीठच नही. नवरदेवना फेटा दोनदाव पडना. आनी मन्ही वहिनी, तीच ती, मन्हाच लुगडं नेसीसन मन्हाच पुढे मिरवस..."

बादलीत सर्र आवाज झाला. मग पुन्हा. मग थांबेचना. तीन दिवसांचं तुंबलेलं दूध फेस धरून वर येऊ लागलं. नानीने पुढे येऊन दुसऱ्या बाजूला बसून बघितलं, तीही लग्नाचं बोलू लागली, तर मैनाने शेपटी फाडकन तिच्या तोंडावर मारली.

सरांनी डायरी मिटली. "आज सांगितलेली बातमी आजची. धुळ्याला काय झालं हे इथे कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे पाठ करून ठेवायला जागा नाही. आणि नुसतं बाईंनी म्हशीला ओळखलं नाही. म्हशीनेही बाईंना तपासून घेतलं. दोन्ही बाजूंनी. मान्य."

नाना डोकं खाजवत, मैनाचं दावं मायच्या हाती देत म्हणाला, "लई जा बाई तुन्ही म्हैस. आनी हाई दुसरी मन्ही ना?"

"उरली म्हणून तुमची, हा पुरावा होत नाही," सर म्हणाले. "प्रलंबित."

नाना हादरला. चार दिवसांपूर्वी आणलेली म्हैस, तीही जाते की काय! तेव्हा माय बादली उचलत म्हणाली, "नाना, चार दिन तिनासंगे बोला. मंग ती तुमनी व्हई." त्यानंतर नाना रोज गोठ्यात बसून बोलायचा. नानी म्हणते, "इतला तो मन्हासंगे पन बोलना नही."

जाताना सर मला म्हणाले, "बिल्ले उतरव. गुपित घाल. मग परीक्षेला ये." मी ते केलं. त्याच कामावर मला पुण्यात नोकरी लागली. मी आज जिथे बसते तिथे दिवसभर यंत्रांना एकमेकांची ओळख पटवून देते. मुलाखतीत मी मैनाची गोष्ट सांगितली होती. पण सरांनी माझ्या प्रमाणपत्रासोबत दिलेल्या शिफारसपत्रात गावाचं नाव लिहून पुढे पेन्सिलने त्यांचा तो नेहमीचा शब्द लिहिला होता, तो मी कुणाला दाखवला नाही.

सर निवृत्त झाले. दर उन्हाळ्यात ते मायला फोन करत. "बाई, पाणी किती?" माय सांगायची, "भरेल शे, सर." दर वर्षी पाऊस बरा होत होता. गावाला आनंद आणि सरांना चुटपुट. मग यंदा वैशाखात गाळ काढायला विहीर उपसली. मायने मला कळवण्याआधी सरांना कळवलं.

मला फोन आला तो अनोळखी नंबरावरून. ऑफिसात होते. आवाज कुठूनतरी खोलातून आल्यासारखा, घुमणारा.

"एक्केचाळीस?"

"कोण बोलतंय?"

"मी. माझा फोन गाळात पडला. हा गुराखीबाबांच्या नातवाचा आहे."

मी खुर्चीत ताठ बसले. मग उलट विचारलं.

"तुम्ही सरच कशावरून?"

मागे कुठेतरी मायचा आवाज येत होता, "सरले सांगा रे, आते वर या, च्या थंडा व्हयी गया!" मग सरांनी घसा साफ केला.

"सतरा," ते म्हणाले. "मी तिच्यावर उभा आहे."

"मान्य, सर," मी म्हणाले.

"मान्य," सर म्हणाले, आणि माझं नाव घेतलं.